मागून गाणारी

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. भावाची नात पहिल्यांदाच मोठ्या रंगमंचावर गायली. नऊ वर्षांची पोर, खणाचं परकर-पोलकं, वेणीत शेवंती. भूपातला छोटा ख्याल, चार आलाप आणि सहा ताना, एवढंच काय ते. टाळ्या झाल्या, तिच्या बाईंनी पाठ थोपटली. विंगेत मी उभी होते तिथे ती आली ती कपाळाला आठी घालूनच. माझा हात धरून हळूच म्हणाली, "आत्याआजी, माझ्या मागून कोण गात होतं?" मी म्हटलं, कुणी नाही गं, तू एकटीच होतीस. "नाही, होतं कुणीतरी. मी समेवर थांबले ना, की ते मागून परत 'सा' म्हणायचं. मला चिडवत होतं." तिची आई हसली, तिने बडोद्याच्या 'लीला' चिवड्याचा डबा पुढे केला. मीही म्हणून टाकलं, माईकचं काहीतरी असेल. पोरीने चिवडा खाल्ला, पण डोळे पुन्हापुन्हा पडद्याकडे जात होते.

रात्री मला झोप लागेना. ते वाक्य मी आधी ऐकलं होतं. बडोद्यातल्या त्याच सभागृहात, त्याच विंगेत, तीस वर्षांपूर्वी, माझ्या आत्याच्या तोंडून. शब्द तेवढे निराळे होते. ती म्हणाली होती, "माझी लय माझ्या मागे राहायला लागली. आता पुरे."

तेव्हा ती एकसष्ट वर्षांची होती आणि त्यानंतर ती लोकांसमोर कधीच गायली नाही.

आत्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या वाड्यात गाणं शिकवायची. पहिल्या मजल्यावर दिवाणखाना होता, रस्त्याकडच्या खिडक्यांपासून मागच्या जिन्यापर्यंत लांबच लांब गेलेला. वाडा विकायची वेळ आली तेव्हा भावाने मापं घेऊन नकाशा काढला, तो माझ्याकडे आहे. लांबी चौतीस फूट, रुंदी सव्वातेरा, उंची साडेतेरा. दोन्ही बाजूंच्या भिंती विटांच्या, चुन्याच्या गिलाव्याच्या, हातभर जाड. त्यांत कोनाडे, फडताळं, मधूनमधून लाकडी खांब. वर सागवानी तुळया आणि त्यांवर पाट. खाली जाजम, भिंतीला लोड-तक्के. गणपतीत आणि कोजागरीला तिथे बैठक व्हायची. साठ-सत्तर माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसायची, उरलेली जिन्यात. माईक नव्हता. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसलेल्या मलाही आत्याच्या आवाजातला कण न् कण ऐकू यायचा. आवाज समोरून येतोय असं वाटायचंच नाही. तो अंगाभोवती असायचा, शालीसारखा.

बसण्याच्या जागेबद्दल आत्या हट्टी होती. खिडकीकडे पाठ करून कधी बसायची नाही. जिन्याकडच्या बंद भिंतीला पाठ, फडताळाची दारं लावलेली आणि तोंड खिडक्यांकडे. "पाठीशी भिंत असावी, म्हणजे आपला आवाज आपल्याला मिळतो," असं म्हणायची. दिवाळीच्या सफाईत जाजम उचललं की ती मुद्दाम रिकाम्या खोलीत येऊन एक 'सा' लावायची आणि म्हणायची, आज बोलतेय बघ खोली. आणि पावसाळ्यात? श्रावणात आठ-आठ दिवस ऊन नसायचं, मग दिवाणखान्यात आडवे दोर बांधून त्यांवर गोधड्या, रजया, सोलापुरी चादरी वाळत घातलेल्या असायच्या. शिष्या आल्या की आत्या कपाळावर हात मारायची. "आज खोली मुकी आहे. आज नुसते पलटे घोटा, ख्याल नको." त्या दिवसांत तिचा आवाज खरंच लवकर थकायचा. आम्हाला वाटायचं, दमट हवा बाधते.

मी पुढे शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. ध्वनीचं परावर्तन, प्रतिध्वनी, निनाद हे धडे किती तुकड्यांना शिकवले त्याची गणती नाही. वॉलेस सॅबाइनची गोष्टही मी मुलांना रंगवून सांगायचे. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात एक नवं व्याख्यानगृह बांधलं होतं आणि त्यात बोललेलं कुणाला कळेना. शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा, तोवर वक्त्याचे पुढचे दहा-पंधरा शब्द त्याच्यावर येऊन आदळायचे. सॅबाइन हा तिथला तरुण प्राध्यापक. त्याने जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायला सुरुवात केली. थोड्या गाद्या ठेवायच्या, ऑर्गनची नळी वाजवायची, ती थांबल्यावर आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं. मग आणखी गाद्या. शहर झोपल्यावर हे काम चालायचं आणि सकाळी गाद्या जिथल्या तिथे. त्यातून त्याचं सूत्र निघालं. खोली जितकी मोठी तितका निनाद लांब, आवाज पिणाऱ्या वस्तू जितक्या जास्त तितका तो आखूड. पुढे बॉस्टनमध्ये त्याच्या सल्ल्याने बांधलेलं सभागृह १९०० साली उघडलं. आजही जगातल्या सर्वांत गोड सभागृहांत त्याचं नाव घेतात.

ही गोष्ट मी इतकी वर्षं सांगितली आणि आमच्या दिवाणखान्यातल्या त्या गोधड्या मला एकदाही आठवल्या नाहीत. त्या डिसेंबरच्या रात्री आठवल्या. आत्या सॅबाइनचाच प्रयोग दर श्रावणात कानाने करत होती.

पण गाद्या आणि गोधड्या म्हणजे अर्धीच गोष्ट. आवाज किती वेळ राहतो ते त्यांच्यावर ठरतं, तो कुठून आणि कधी येतो ते खोलीचा आकार ठरवतो. व्हिएन्नातलं म्युझिकफेराइनचं मोठं सभागृह १८७० सालचं, सॅबाइनच्या सूत्राच्या कितीतरी आधीचं. लांबी सुमारे ४९ मीटर, रुंदी १९, उंची १८. बुटांच्या खोक्यासारखं सरळसोट. युरोपातल्या वादकांना तिथे वाजवायचं म्हणजे भाग्य वाटतं. त्याचं एक मोठं कारण त्याच्या अरुंदपणात आहे. मधल्या ओळीत बसलेल्या माणसाकडे आधी थेट आवाज येतो आणि लगेच पाठोपाठ दोन्ही बाजूंच्या भिंतींवरून त्याच आवाजाची दुसरी खेप येते. मी कागदावर मांडून पाहिलं. रंगमंचापासून वीस मीटरवर बसलेल्या माणसाला ती बाजूची खेप २२ मिलिसेकंदांनी मिळते. कान एवढ्याशा अंतराने आलेले दोन आवाज वेगळे मानत नाही, दोन्ही एकात घेतो. आवाज भरदार होतो, रुंद होतो. पण सभागृहाची रुंदी दुपटीहून थोडी जास्त करा, चाळीस मीटर. तीच खेप आता ७० मिलिसेकंदांच्याही मागे पडते, तीही थकून. श्रोत्याला गाणं स्पष्ट ऐकू येतं, पण ते तिकडे दूर चाललेलं असतं.

बाजूच्या भिंतींचं हे महत्त्व १९६० च्या दशकात हॅरल्ड मार्शल या न्यूझीलंडच्या माणसाने नेमकं बोट ठेवून दाखवलं. तोवर लोक निनादाचे सेकंदच मोजत बसले होते. न्यूयॉर्कमध्ये १९६२ साली उघडलेल्या फिलहार्मोनिक हॉलची चूक तर मला फार ओळखीची वाटते. नामवंत ध्वनितज्ज्ञ होते, आधी जगभरची सभागृहं अभ्यासून झाली होती, आराखडा अरुंद होता. मग खुर्च्या वाढवायची टूम निघाली आणि भिंती बाहेर ढकलल्या गेल्या. उद्घाटनापासूनच तक्रारी. वरच्यावर डागडुजी करूनही काही जमेना, शेवटी १९७६ साली आतलं सगळं तोडून नव्याने बांधलं. खुर्च्या जास्त हव्यात म्हणून गाणं पातळ करायचं, हे आपल्याकडच्या कुठल्याही समितीच्या बैठकीत मी ऐकलं असतं. माणसं जास्त यावीत या इच्छेत वाईट काही नाही, पण ती येतात कशासाठी हे भिंती आखणाऱ्याला विसरून कसं चालेल?

आमचा दिवाणखाना सव्वातेरा फुटांचा होता. तिथे बाजूची जवळची भिंत कुणापासूनही सात फुटांपेक्षा लांब नव्हती. आणि ते कोनाडे! गुळगुळीत समोरासमोरच्या भिंती असल्या की आवाज त्यांच्यात चेंडूसारखा टपटपत राहतो. कोनाडे, खांब, तुळया, फडताळांच्या चौकटी त्याला विस्कटतात, चहूकडे पांगवतात. व्हिएन्नातल्या त्या सोनेरी पुतळ्यांचं, सज्जांचं आणि छतातल्या नक्षीचं कामही तेच. आमच्याकडे त्या कोनाड्यात समई होती आणि गौरीचे मुखवटे ठेवायची पितळी डबी होती, इतकंच.

आता बडोद्याने आम्हाला दुसऱ्या टोकाचंही शिक्षण दिलं आहे. चिझम या ब्रिटिश वास्तुकाराने बांधलेला बडोदा कॉलेजचा तो थोरला घुमट, विजापूरच्या गोलघुमटावर बेतलेला. लहानपणी भाऊ आणि मी तिथे शिरून टाळ्या वाजवायचो. टाळी वर जायची, तिथे जणू कुणीतरी ती ओंजळीत धरायचं आणि परत आपल्या डोक्यावर ओतायचं. घुमट आणि घुमणं हे शब्द मुळात नात्यातले नाहीत, पण कानाला सख्खेच वाटतात. पण आतून पोकळ वाटीसारखा असलेला कुठलाही पृष्ठभाग आवाज सगळीकडे सारखा वाटून देत नाही. तो एका जागी गोळा करतो, बाकी जागा उपाशी ठेवतो. लंडनचा अल्बर्ट हॉल लंबगोल आणि वर घुमट. १८७१ पासून तिथे प्रतिध्वनीची कटकट होती. १९६९ मध्ये छताखाली अळंब्यांसारख्या मोठमोठ्या तबकड्या टांगल्या, तेव्हा ती बरीच निवली.

लक्ष्मीविलासच्या दरबार हॉलमध्ये मी मोजक्या वेळा गाणं ऐकलं आहे. मोझॅकची जमीन, रंगीत काचांच्या उंच खिडक्या, वर सज्जे. एकदा तिथे पुरियाचा आलाप ऐकताना मंद्र निषाद लागला आणि संपला, पण संपलाच नाही. गायकाने तोंड मिटलं तरी तो वर काचांपाशी कुठेतरी रेंगाळत होता, शेजारच्या बाईंनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. गाण्यात ज्याला आस म्हणतात ती तिथे इमारतच देत होती. मग तबला आला, लय चढली आणि तोच निनाद गळ्याशी आला. ताना एकमेकींच्या पायात अडकायला लागल्या. आलापाला जी खोली लागते ती द्रुताला चालत नाही. गायला बसताना टाळी वाजवून, खाकरून, छताकडे पाहून अंदाज घेणाऱ्या जुन्या गवयांना आम्ही लहर म्हणायचो. ते आपलं वाद्य जुळवत होते.

आत्याने लहानपणी बडोदा दरबारचे गायक फैयाज खाँसाहेबांना ऐकलं होतं, चिकाच्या पडद्याआडून, आजोबांच्या शेजारी बसून. ते १९५० मध्ये गेले तेव्हा ती सतरा वर्षांची होती. त्यांच्या आवाजाचं वर्णन करताना ती गळ्याबद्दल थोडं बोलायची आणि जागेबद्दल जास्त. तो वाडा, तो खांब, ते कुठे टेकून बसले होते, पंखेवाला कुठे उभा होता. मला तेव्हा ते पाल्हाळ वाटायचं.

जानेवारीत मी त्या सभागृहात एकटी गेले. दुपारची वेळ, आत एकच दिवा, कापडाचा आणि धुळीचा वास. वॉचमनने "कितना टाइम लगेगा, बेन?" म्हणून विचारलं आणि दारात बिडी ओढत बसला. रंगमंचाच्या मध्यावर, जिथे गाणाऱ्याची गादी घालतात तिथे मी उभी राहिले. सभागृह सुपासारखं आहे. रंगमंचापाशी निमुळतं आणि मागे रुंद पसरत गेलेलं, मागची भिंत कंसासारखी वळलेली. सुपाच्या तिरप्या कडा दाणे पुढे फेकतात, तशा त्या तिरक्या भिंती आवाज मागच्या ओळींकडे पाखडतात. मधल्या खुर्च्यांना बाजूने काहीच मिळत नाही. डोक्यावर पाहिलं तर छत नाहीच, नाटकाचे पडदे वर ओढून घ्यायची तीन मजली पोकळी, त्यात मखमलीचे ढीग लटकलेले. पाठीमागे काळा पडदा. नाटकाला हे सगळं योग्यच आहे, ते बांधलं त्याचसाठी. पण गाणाऱ्याच्या पाठीशी भिंत नव्हती आणि डोक्यावर तुळया नव्हत्या. आवाज वर गेला की गेला.

मी टाळी वाजवली.

टप्. आणि समोरून, लख्ख, टप्. दोन पावलं डावीकडे सरकून वाजवली तर दुसरी टाळी मऊ पडली. पुन्हा मध्यावर आले, पुन्हा लख्ख. त्या वळलेल्या भिंतीचा मध्यबिंदू नेमका गाणाऱ्याच्या गादीवर होता. मागची भिंत सगळा आवाज गोळा करून तिथेच परत पाठवत होती. मी खाली उतरून पावलांनी अंतर मोजलं, साधारण बावीस मीटर. जाऊन-येऊन चव्वेचाळीस. आवाज सेकंदाला ३४५ मीटर धरा, म्हणजे आपलाच आवाज एक सेकंदाच्या आठव्या हिश्शाने परत कानावर. पन्नासेक मिलिसेकंदांच्या आत आला असता तर कानाने तो पोटात घेतला असता. एवढ्या उशिराने आला की तो दुसरा माणूस होतो.

घरी आल्यावर मी आत्याची जुनी कॅसेट लावली. वाड्यातली बैठक, बिहाग, मध्येच कुणाच्या तरी पेल्याचा आवाज. द्रुतातली एक लांब तान घड्याळ हातात घेऊन तीनदा मोजली. चार सेकंदांत बत्तीस स्वर, म्हणजे सेकंदाला आठ.

तिचा प्रत्येक स्वर त्या सभागृहात तिला पुढच्या स्वराच्या क्षणी परत ऐकू येत होता. गंधार घेते आहे तर कानात मागचा षड्ज, मध्यमावर आली तर गंधार. त्यातून दोन्ही बाजूंचे कर्णे तोच आवाज दसपट करून त्याच भिंतीवर फेकत होते. माईक असला की इमारतीचा काय संबंध, असं लोक म्हणतात, तेव्हा मला आता हे सांगावंसं वाटतं. त्या दिवशी साउंडवाल्याने गाणाऱ्यासमोरचा कर्णा, म्हणजे मॉनिटर, वाढवला तर माईक शिट्टी घालायला लागला, म्हणून त्याने तो जवळजवळ बंदच केला होता. हे मला चांगलं आठवतं, मी तानपुऱ्यावर मागेच बसले होते. विलंबित छान झालं. द्रुतात तिसऱ्या तानेला ती अडखळली. चौथीला तिने तबल्याकडे पाहिलं, जणू तो मागे ओढतोय. पाचवी तिने घेतलीच नाही. तिचा सत्कार होता त्या दिवशी, गळ्यात हार घालून घेताना ती हसत होती, आणि मग विंगेत ते वाक्य.

वयाचंही काही असेल. एकसष्टीला दम कमी होतो, हे मी नाकारत नाही. पण त्यानंतर अकरा वर्षं ती वाड्यातल्या दिवाणखान्यात रोज पहाटे गायची, दार लावून, आणि मी शेजारच्या खोलीतून ऐकायचे. तान सुटत नव्हती. मी म्हणायचे, आत्या, छान लागतोय की आवाज. ती म्हणायची, "इथे लागतो गं." त्या 'इथे'चा अर्थ मला कळायला हवा होता. फळ्यावर आकृत्या काढत होते मी तेव्हा, आपाती किरण, परावर्तित किरण.

एप्रिलमध्ये नातीचा पुन्हा कार्यक्रम ठरला, जागा तीच. मी व्यवस्थापकांना भेटले. नाटकांचे जुने मखमली पडदे गोदामात पडून होते, ते मागच्या भिंतीवर एका दिवसापुरते लावू का, एवढंच विचारलं. त्यांना कारण नीट पटलं नसावं, पण वयाकडे पाहून हो म्हणाले. पडदा भिंतीला ताणून चिकटवला तर फारसा उपयोग होत नाही, म्हणून भाचा आणि दोन मुलांनी भिंतीपासून वीतभर अंतरावर दोर ओढला आणि पडदे दाट चुण्या पाडून सोडले. गादी मध्यावरून चार पावलं बाजूला सरकवली. गादीच्या मागे नाटकाच्या नेपथ्यातल्या दोन प्लायवूडच्या भिंती उभ्या केल्या, एकीवर खिडकी रंगवलेली होती. आत्याला खिडकीकडे पाठ चालली नसती, म्हणून ती उलटी फिरवली.

सगळ्याला मिळून चाळीस मिनिटं लागली.

नात तालमीला आली तेव्हा सभागृह रिकामंच होतं. तिला मी टाळी वाजवायला सांगितली. तिने वाजवली, मान तिरकी करून थांबली. पुन्हा वाजवली. मग गादीवर मांडी घातली, षड्ज लावला, भूपाची आरोही तान घेऊन समेवर आली आणि गप्प बसून ऐकत राहिली, बराच वेळ. मी तिसऱ्या ओळीत होते.

"गेली ती?" तिने विचारलं.

"कोण गं?"

"मागून गाणारी."

मी मान हलवली. तिने तानपुरा पुन्हा सुरू करायला सांगितला.